सकाळच्या प्लेटा, दुपारच्या प्लेटा

पुणे, १२ जून २०२३

मामा, शरणु.

परळीहून येऊन पंधरा दिवस झाले, आणि निघताना तुम्ही पिशवीत कोंबलेली डिंकाची बाटली अजून माझ्या टेबलावर उभी आहे. फोन करणार होते. पण चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यावर तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत. मागच्या वेळी मी 'प्लेट' म्हणाले, तर 'लेट का होतंय, तब्येत बरी हाय का' म्हणून तुम्हीच काळजीत पडलात. म्हणून हे पत्र.

तुमच्या प्रेसच्या मागच्या खोलीत मी छापून झालेल्या जुन्या प्लेटा चाळत होते. लहानपणी तुम्हीच शिकवलंत: ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावरचं अक्षर शाई धरतं, कोरी जागा पाणी धरते, आणि कोरी जागा कोरी राहावी म्हणून ठेवताना तिच्यावर डिंकाचा पातळ हात फिरवतात. पण परळीची हवा म्हणजे थर्मल वीजकेंद्राची राख, आणि बोअरचं पाणी जड. ठेवलेली प्लेट महिन्याभरात डागाळायची, परत छापायला काढली की कोऱ्या जागीही शाई धरायची. हे तुमचं रडगाणं मी जन्मापासून ऐकते आहे. मग ऑक्टोबरची तारीख टाकलेली ती शाळेच्या हजेरीपटाची प्लेट मे महिन्यात आरशासारखी कशी? मी विचारलं तर तुम्ही नुसते हसलात आणि बाटली दिलीत.

मामा, यात काय आहे?

मी का विचारते ते सांगते. आमची कंपनी इलेक्ट्रॉन बीमची यंत्रं बनवते. जुन्या टीव्हीच्या नळीत काचेवर आदळणारा जो झोत होता, त्याचाच हा जोरदार भाऊ. प्लेटवरचा ओला लेप त्याच्याखालून गेला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत टणक होतो, तापवावा लागत नाही. अडचण एकच: डिंकाचा हात आधी दिला तर झोताखाली डिंक जळतो, म्हणून तो नंतर वेगळा द्यावा लागतो. तुमचा डिंक वेगळा वागेल असं उगीच वाटतंय. परवानगी द्याल तर झोताखाली धरून बघते.

तुमची वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, २० जून २०२३

चिरंजीव वर्षाराणीस, वैजनाथाच्या पायरीवरून मामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आमच्या धंद्यातल्या डिंकाबद्दल पुण्याची इंजिनिअर विचारते म्हटल्यावर काय सांगू किती बरं वाटलं. आता कोण विचारतं ऑफसेटवाल्याला? आमचे केदारनाथसाहेब लातूरला फ्लेक्सचं दुकान टाकून बसलेत, मला म्हणतात, 'अण्णा, तुमची मशीन भंगारात द्या अन् आराम करा.' पोटचं पोर असं बोलतं, म्हणून तुझं पत्र मी गल्ल्यात ठेवलंय.

बाटलीत बाभळीचा डिंक आहे आणि हिरड्याचं पाणी. दुसरं काही न्हाई. डिंक तर जगभर लावतात, हिरड्याचं पाणी आपल्या प्रेसमधलं. गेल्या पावसाळ्यापासून असंच करतो. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंही नव्हतं. हिरडे मोंढ्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून छबुबाई आणते. छबुबाई तुला आठवत असेल. वीस वर्षं झाली आपल्याकडं, घडी घालणं, बाइंडिंग, प्लेटा धुणं सगळं तीच बघते. तिनं तुला 'ताईला म्हनावं, वाळली लई' असा निरोप दिलाय.

खुशाल झोताखाली धर. जळलं तर जळलं.

धोंडप्पा

*

पुणे, ५ ऑगस्ट २०२३

मामा,

जळलं नाही!

बाजारातल्या डिंकाची एक प्लेट आणि तुमच्या डिंकाची एक, अशा शेजारी शेजारी यंत्रातून काढल्या. बाजारातला डिंक तपकिरी झाला आणि बोट लावताच पापडासारखा सुटला. तुमचा जसाच्या तसा. मी चुकले असेन म्हणून दहा वेळा केलं. मग मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं: झोताचा मार हिरडा स्वतःवर घेतो आणि डिंकाला सांभाळतो, असं दिसतंय. म्हणजे दोन कामं एका फेरीत होतील. मामा, आमची चार माणसं तीन वर्षं याच्यासाठी डोकं फोडत होती.

कंपनी पेटंट घेणार आहे. नुसत्या डिंक-हिरड्याचं नाही, तर या लेपाचं आणि तो झोताखालून काढण्याच्या पद्धतीचं मिळून. काल तात्पुरता अर्ज दाखलही झाला. आता बारा महिन्यांत सगळा तपशील द्यायचा. पेटंटची मालकी कंपनीची असेल, पण संशोधक म्हणून दोन नावं लावली आहेत: धोंडप्पा मेनकुदळे आणि वर्षाराणी. तुमचं नाव आधी.

तपशील जाईपर्यंत कृती कुणाला सांगू नका. आईला सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, 'माझा भाऊ चौदाव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवायला बसला होता, त्याचं नाव सरकारदरबारी गेलं.'

वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, १६ ऑगस्ट २०२३

वर्षाराणी,

तू काय लिहिलंस ते मी तुझ्या आईला, महादेवीला, फोनवरून पुन्हा सांगायला लावलं. मला ऐकू आलं नाही तरी तिचा आवाज कळत होता.

कृती कुणाला सांगितली नाही. पेटंटचं सांगितलं. मठातल्या मंडळींना सांगितलं, मोंढ्यात सांगितलं, साखर कारखान्याच्या स्टोअरवाल्याला सांगितलं. केदारनाथचा फोन आला होता. 'अण्णा, तुमी शास्त्रज्ञ निघालात की!' म्हणाला. चार वर्षांनी माझ्याशी पाच मिनिटं बोलला. दिवाळीला येतो म्हणाला.

अर्जात नाव धोंडप्पा शिवलिंगप्पा मेनकुदळे असं पूर्ण घालता येतं का बघ. वडिलांचं नाव राहिलं तर रुखरुख लागते.

इकडं सगळे मजेत. छबुबाई विचारत होती, ताईचं काम झालं का. म्हटलं झालं. 'बरं झालं' म्हणाली आणि घडी घालायला बसली.

धोंडप्पा

*

पुणे, २२ जानेवारी २०२४

मामा, शरणु.

आमच्या पेटंट वकील राजनंदिनी मॅडम फार काटेकोर आहेत. त्यांनी तीन प्रश्न दिलेत. एक, हिरडा नि डिंक किती प्रमाणात. दोन, तयार झालं हे कशावरून ओळखायचं. तीन, मुळात हिरडाच घालायचं कसं सुचलं. जमेल तितकं सविस्तर लिहा. तुम्ही लिहाल तशा शब्दांत लिहा, मी नीट करून घेईन.

केदारनाथ दिवाळीला आला होता हे आईकडून कळलं. किती छान.

वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, ९ फेब्रुवारी २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

उत्तराला थोडा वेळ लागला. प्रश्नांची उत्तरं अशी.

एक. बाळहिरडा घ्यायचा, मोठा नको. जाडाभरडा कुटून मातीच्या गाडग्यात एक दिवस भिजत घालायचा. लोखंडी भांडं अजिबात नको, पाणी शाईसारखं काळं होतं. वरचं पाणी जुन्या लुगड्याच्या धडप्यातून दोनदा गाळायचं. डिंकाच्या पाण्याची नऊ वाट्या तर याची एक. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात सव्वा.

दोन. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थेंब घेऊन ताणायचा. दोरा सुटला तर डिंक जास्त झाला. दोरा नको, पण बोट सोडताना जरा माया लागली पाहिजे. प्लेटवर फिरवल्यावर लेप दिसता कामा नये. न्हाऊन आलेल्या लेकराच्या पाठीवर हात फिरवल्यावर लागतं, तेवढीच ओल.

तीन. हे मी जुन्या काळच्या शाई बनवण्याच्या एका पुस्तकात वाचलं होतं.

धोंडप्पा

*

पुणे, ११ मार्च २०२४

मामा,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'बोट सोडताना जरा माया लागली पाहिजे'! आमच्याकडं याला चिकटपणाचा अंक असतो, पण मी यंत्रावर मोजला तर तुमची माया आणि आमचा अंक तंतोतंत जुळले. मामा, तुम्ही असं कधी बोलत नाही. लिहायला बसलात की वेगळेच होता.

आता एक अडचण. राजनंदिनी मॅडम म्हणतात, ते पुस्तक कोणतं? नाव, साल, पान, काहीही. कारण डिंकात हिरडा घालायचं एखाद्या पुस्तकात आधीच छापलेलं असेल, तर तो शोध नवा राहत नाही. मग आपला अर्ज पडू शकतो. पुस्तक प्रेसमध्ये असेल तर फोटो पाठवा.

सोबत एक फॉर्म आहे. खरे आणि पहिले संशोधक आपणच, अशी त्यावर सही करायची आहे. जुलैअखेर पोचला तरी चालेल. ४ ऑगस्ट ही शेवटची तारीख.

यावर मी इतकी का अडून बसते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुण्यात पहिली नोकरी लागली त्या कंपनीत झोत बाहेर पडतो त्या खिडकीचा पातळ पत्रा थंड ठेवायची एक युक्ती मी शोधली होती. दीड वर्ष राबले होते. पेटंट निघालं तेव्हा त्यावर आमच्या साहेबांचं एकट्याचं नाव. मी विचारलं तर म्हणाले, 'अगं, तू टीममध्ये होतीसच की. नावाचं काय एवढं?' त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला. आईला सांगितलं, पोट बिघडलंय. म्हणून तुमचं नाव छापलेलं मला बघायचं आहे. एका माणसाचं तरी नाव त्याच्या कामावर नीट लागलं, असं.

वर्षाराणी

*

पुणे, ८ जून २०२४

मामा,

तीन महिने झाले, फॉर्म नाही, उत्तर नाही. केदारनाथ म्हणतो अण्णा ठणठणीत आहेत, रोज प्रेसमध्ये बसतात. पुस्तक सापडत नसेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण काहीतरी लिहा.

वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, २१ जून २०२४

वर्षाराणी,

पुस्तक नाही. कधीच नव्हतं.

तुझं मार्चचं पत्र वाचल्यावर मी ते गल्ल्यातून काढून घरी नेऊन ठेवलं. डबा न उघडता घरी नेल्याचं तू लिहिलंस, ते वाक्य मला गिळवेना. तरी मी तीन महिने गप्प बसलो. का ते सांगतो, आणि काय झालं तेही सांगतो.

हिरड्याचा शोध छबुबाईचा आहे. माझा त्यात हात नाही. एक दिवस ती म्हणाली, 'मालक, डिंकात हिरड्याचं पानी घातलं तर प्लेट टिकती, घालू का?' मी म्हटलं, घाल. माझं संशोधन एवढंच. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, तुझं नाव कळवतो म्हणून. ती म्हणाली, 'माझं नाव कशाला मालक, मला काय करायचं.' मला तेवढंच पाहिजे होतं. मी पुन्हा विचारलं नाही. फेब्रुवारीत मी जी उत्तरं लिहिली, ती दाराशी उभं राहून तिला विचारून घेतलेली आहेत. माया लागली पाहिजे, हे तिचं वाक्य. लेकराची पाठही तिचीच. हिरडा कसा सुचला ते मात्र मी तिला विचारलंच नाही. का, तर ते ऐकलं असतं तर पुढं 'मी' म्हणून लिहायला हात धजला नसता. म्हणून पुस्तक लिहिलं.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. मठातल्या मंडळींनी माझा सत्कार ठरवला, सोळा जूनचा. पत्रिका अर्थातच आपल्याच प्रेसमध्ये. मीच मजकूर जुळवला, मीच प्रूफ वाचलं. तीनशे प्रती. घडी घालायला छबुबाई. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश पण सगळं वाचते. पन्नासेक पत्रिका झाल्यावर एक हातात घेऊन आली.

'मालक, हितं एक चूक हाय.'

मला वाटलं ऱ्हस्व-दीर्घ असेल. म्हटलं, दाखव.

'अनेक वर्षांच्या अथक संशोधनातून असं छापलंय. पर मला तर चारच महिने लागलते.'

रागानं नाही गं. टोमणा नाही. प्रूफातली चूक दाखवावी तसं. आणि माझ्याकडं बघत उभी राहिली, आता मशीन थांबवायची का पुढं जाऊ, एवढंच विचारायला.

मी म्हटलं, 'ऱ्हाऊ दे घडी. बस जरा.'

वीस वर्षांत ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली नव्हती. तेव्हाही बसली नाही. मी उठलो आणि माझी खुर्ची तिच्याकडं सरकवली, तरी उभीच. मग दोघंही उभे राहून बोललो. मी सगळं कबूल केलं. फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिनं हातातली पत्रिका गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाली, 'मी नगं म्हनले ते खरं हाय. पर तवा मला वाटलं, ताईच्या कापडाला खळ म्हनून लागनारं काय तरी असंल. ह्ये सरकारात जानार हाय, हे तुमी सांगितलं न्हाई.'

त्याच दिवशी मठात गेलो. अध्यक्षांना सांगितलं, सत्कार रद्द करा, शोध माझा नाही. ते म्हणाले, 'असू द्या हो, प्रेस तर तुमचाच.' बाकीच्यांनीही तेच. मला सोडायला सगळे तयार होते, हेच अवघड गेलं. मोंढ्यात, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, जिथं जिथं सांगितलं होतं तिथं जाऊन परत सांगून आलो. दोन दिवस गेले. केदारनाथला फोनवर सांगितलं. पुन्हा सांगितलं. मला वाटलं, ऐकू येत नाही. मग म्हणाला, 'अण्णा, मी रविवारी येतो.'

फॉर्म कोराच परत पाठवतोय. माझं नाव काढ. सोबत म्हणूनही ठेवू नको.

धोंडप्पा

*

पुणे, २६ जून २०२४

मामा,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचा इतका राग आला की पत्र पालथं घालून ठेवलं. मी ज्याच्यासाठी वर्षभर भांडत होते तो माणूस माझा साहेबच निघाला, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुढचं पान वाचलं. माझ्या साहेबांनी मोंढ्यात जाऊन कुणालाही काही सांगितलं नव्हतं. एवढं लिहून पुरे.

नाव काढलं आहे. राजनंदिनी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ता कळलं ते फार बरं, दुरुस्तीचा अर्ज देता येतो. संशोधक दोन: छबुबाई आणि मी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून पाहिजे, आणि तिच्या तोंडून पाहिजे. ती सांगेल, तुम्ही लिहा. एक शब्द सुधारू नका.

वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, ४ जुलै २०२४

ताईला छबुबाईचा नमस्कार.

मालक लिवायलेत, मी सांगायले. मी त्यांना म्हनलं, जसं सांगते तसंच लिवा, नसता मी बाहेरच्या कुनाकडून लिवून घेईन. त्यांनी हो म्हनलंय.

हिरडा कावून, असं तुमी विचारलं. ताई, प्लेट धुयाच्या केमिकलनं माझे हात लई फुटलते. बोटाला भेगा, मीठ लागलं तरी डोळ्यात पानी. हातमोजे घातले तर प्लेट हातात कळत न्हाई. माझं माहेर युसूफ वडगाव. तिथं आमची आई भेगाला हिरड्याच्या पान्यात हात बुडवून ठिवायला सांगायची. म्हनून मी दुपारच्या सुट्टीत भाकर खाल्ली की एका वाडग्यात हात बुडवून बसायची. फडक्यानं पुसलं की झोंबायचं, म्हनून वल्ल्या हातानंच दुपारच्या प्लेटाला डिंक लावायची.

मग पावसाळ्यात प्लेटा काढल्या तर काही डागाळलेल्या, काही चकाट. सगळ्या म्याच लावलेल्या, डिंक एकच, मग असं कावून? मला वाटलं हवा असंल. पर हवा तर सगळ्यालाच सारखी. दोन दिवस इचार केला. मग प्लेटाच्या पाठीमागं पेन्सिलीनं खुना करायला लागले. सकाळी लावलेलीला एक रेघ, दुपारी लावलेलीला दोन. महिन्यानं काढून बघितल्या. दोन रेघावाल्या सगळ्या चांगल्या. मग म्हनलं, सकाळ-दुपार न्हाई, ह्ये हाताचं हाय. म्हनून चार दिवस सकाळी हात बुडवले आन् दुपारी न्हाई. तर उलटं झालं, एक रेघावाल्या चांगल्या निघाल्या. तवा पक्कं कळलं. मग हात बुडवायच्याऐवजी पानीच डिंकात घातलं. आधी निम्मं घातलं, तर प्लेट चिकट झाली. मग कमी कमी करत नऊला एक. असे चार महिने.

त्या प्लेटा अजून मागच्या खोलीत हायेत. खुना पुसल्या न्हाईत. पायजेत तर मालक पाठवतील.

हात आता बरे हायेत.

आनखी एक. मालकावर लई राग धरू नका. त्यांनी मला विचारलं न्हाई हे खरं, पर मीबी सांगितलं न्हाई. आमच्यात तशी रीतच न्हवती. आता पडंल.

छबुबाई बंकट गित्ते

वरचा मजकूर तिनं सांगितला तसाच आहे. 'चकाट' सुधारायला हात शिवशिवला होता, पण नाही सुधारला. — धोंडप्पा

*

पुणे, ३० जुलै २०२४

छबुबाई मावशी,

अर्ज पूर्ण दाखल झाला. तुमच्या खुणांच्या सगळ्या प्लेटा पोचल्या. आमच्या प्रयोगशाळेत लांबलचक टेबलावर त्या पालथ्या मांडल्या, एक रेघ डावीकडं, दोन रेघा उजवीकडं. आमचे मोठे साहेब टेबलाच्या कडेनं दोनदा चालत गेले आणि मला म्हणाले, 'हे कुणी आखलं? कुठल्या कॉलेजचे आहेत?' मी म्हटलं, परळीच्या, माझ्या मामांच्या शिवकृपा ऑफसेटच्या.

मावशी, दोन गोष्टींत फरक पडला तर त्यामागचं कारण एकेक वेगळं काढून तपासायचं, आणि मग उलटं करून खात्री करायची, हे शिकायला मला सहा वर्षं कॉलेजात घालवावी लागली. राजनंदिनी मॅडमनी तुमचं पत्र जवळजवळ जसंच्या तसं इंग्रजीत घातलं आहे. 'हे हाताचं आहे' हे वाक्यसुद्धा.

आणि एक बातमी. मी पण एक पत्र लिहिलं, माझ्या जुन्या कंपनीला. खिडकीच्या पत्र्याबद्दल. माझ्या वह्यांच्या प्रती जोडल्या. पुढं काय होईल ते माहीत नाही. पण पत्र टाकून आले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

मामांना सांगा, त्यांच्यावरचा राग गेला आहे. नुसता गेला म्हणून चालणार नाही म्हणतील, तर असं सांगा: पुढच्या महिन्यात येते आहे, आणि त्यांच्याच घरी उतरणार आहे.

तुमची वर्षाराणी

*

परळी वैजनाथ, १९ डिसेंबर २०२५

ताईला छबुबाईचा नमस्कार. हे पत्र म्याच लिवलंय. अक्षर वाकडं हाय, वाचून घ्या. मालकांनी फक्त कागद दिला, आन् शब्द आडला तर सांगतो म्हनून बाजूला बसलेत. अजून तरी विचारायची गरज पडली न्हाई.

काल तुमचं पेटंटच्या कागदाचं पाकीट आलं. केदारनाथदादा पन हितंच होते, ते आता महिन्यातून दोन डाव येतात. लग्नपत्रिकाचं डिझाईन ते लातूरहून करून आनतात आन् छापाई आमी करतो. लई काम हाय. दोघं बापलेक प्रूफावरून भांडतात, मशीन बंद असली तरी वरडून बोलतात.

तर पोस्टमन राधाकिशन आला. नेहमीसारखा गल्ल्याकडं गेला, मालकापुढं पाकीट धरलं आन् म्हनला, सही करा. मालकांनी हात मागं घेतला. म्हनले, 'नाव वाच की.' त्यानं वाचलं. छबुबाई बंकट गित्ते. म्हनला, 'ह्या कोन?' वीस वर्सं झाली तो टपाल टाकायलाय, मी दारातच घडी घालत बसलेली असते.

मालक म्हनले, 'तुझ्या मागं.'

तो वळला. मी हात धुतले, पुसले, आन् गेले. त्यानं पाकीट दिलं, मग ते मशीन पुढं केलं ज्याच्यावर बोटानं सही करतात. माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हनला, 'मावशी, अंगठा चालंल. का सही कुठं करायची ते दाखवू?'

म्हनलं, 'दाखवायला नगं. येती.'

आन् केली. पुरी केली, तिन्ही नावं. काचेवर मावंना, तरी केली. तो थांबला बिचारा.

पाकीट मात्र लगेच उघडलं न्हाई. आधी हातातली घडी संपवली, तीनशे पत्रिका होत्या, लगीन परवाचं. मग सगळ्यांनी चहा घेतला. मग उघडलं.